डिफ्रॅग मारायच्या आधी डिस्क कोणती आहे आणि तिची तब्येत कशी आहे ते बघा

नमस्कार ताई,

तुम्ही विचारलंय की २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे, विंडोज १०, ४ जीबी रॅम, १ टीबीची डिस्क, चालू केला की पाच-सहा मिनिटं नुसतं गोल फिरत राहतं, भाऊ म्हणतोय डिफ्रॅगचं सॉफ्टवेअर टाक, तर कोणतं टाकू, फुकटचं चालेल की पैसे भरून घेऊ, आणि रोज चालवलं तर चालेल का. मी सांगलीत १९९९ पासून कॉम्प्युटर रिपेअरिंग करतोय आणि हा प्रश्न अजूनही दुकानात कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर आधीच देतो, वेगळं सॉफ्टवेअर घेऊ नका, एक रुपयाही घालवू नका, विंडोजमध्ये जे आहे ते पुरेसं आहे. पण ते चालवायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, डिस्क कोणत्या जातीची आहे आणि तिची तब्येत कशी आहे. हे न बघता डिफ्रॅग मारलं तर फायदा राहिला बाजूला, असलेला डेटा जाऊ शकतो, आणि तो जाताना मी बघितलाय.

डिफ्रॅग म्हणजे नेमकं काय ते आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. एका गिऱ्हाइकाचं खातं पान १२ वर सुरू होतं, ते पान भरतं, १३ वर आधीच दुसऱ्याचं खातं असतं, मग दुकानदार खाली लिहितो "पुढे पान ८७", आणि ८७ भरलं की "पुढे पान ४०". हिशोब कुठेही चुकत नाही, सगळं लिहिलेलं असतं, पण महिनाअखेर बेरीज करायला बसलं की निम्मा वेळ पानं उलटण्यात जातो. हार्डडिस्कचं अगदी असंच आहे. विंडोज फाइल ठेवताना तिचे छोटे तुकडे करते, साधारणपणे ४ केबीचा एक खण, आणि सलग जागा मिळाली तर सलग ठेवते, नाही मिळाली तर जिथे रिकामा खण दिसेल तिथे ठेवते आणि कुठला तुकडा कुठे आहे ते आपल्या अनुक्रमणिकेत लिहून ठेवते. अशी विखुरलेली फाइल म्हणजे फ्रॅगमेंटेड फाइल. डिफ्रॅग म्हणजे ती वही नव्याने लिहून काढणं, प्रत्येकाचं खातं सलग पानांवर.

आता पानं उलटायला किती वेळ लागतो ते बघा, कारण सगळा खेळ तिथे आहे. लॅपटॉपमधली हार्डडिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचणारं हेड आधी योग्य पट्टीवर न्यायचं, त्याला अंदाजे १२ मिलिसेकंद, मग हवा तो भाग फिरत फिरत हेडखाली यायची वाट बघायची, सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच. एका उडीला साधारण १७-१८ मिलिसेकंद गेले. आकडा लहान वाटतो पण ७०० एमबीची एखादी फाइल घ्या, सलग असेल आणि डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल तर ७ सेकंदात वाचून होते, तीच फाइल २००० तुकड्यांत विखुरली असेल तर त्यात फक्त उड्यांचेच ३५ सेकंद वाढतात. ७ चे ४२ झाले, आणि डिस्क बिघडलेली नाही, फाइलही बिघडलेली नाही.

हा फायदा खरा आहे, थाप नाही. मी सुरुवात केली तेव्हा विंडोज ९८ च्या मशीन होत्या, ४ जीबीच्या डिस्क, फॅट३२ फॉरमॅट (डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत), आणि डिफ्रॅग लावलं की स्क्रीनभर रंगीत चौकोन यायचे, एकेक चौकोन उचलून पुढे ठेवल्यासारखा दिसायचा. मधेच कुठला तरी प्रोग्रॅम डिस्कवर काहीतरी लिहायचा आणि ते परत पहिल्यापासून सुरू व्हायचं, त्यामुळे आम्ही सेफ मोडमध्ये जाऊन, स्क्रीनसेव्हर बंद करून, रात्री दुकान बंद करताना लावून जायचो. सकाळी मशीन खरंच हलकी वाटायची. गिऱ्हाईक खूश व्हायचं. त्या अनुभवातून "स्लो झालं की डिफ्रॅग" हा सल्ला घराघरात गेला आणि तो चुकीचा नव्हता. नंतर घरच्या मशीनवर एनटीएफएस ही दुसरी पद्धत आली, ते जागा वाटताना फॅटपेक्षा बरंच शहाणपणाने वागतं. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज दर आठवड्याला स्वतःच डिफ्रॅग करायला लागली. विंडोज ८ मध्ये, म्हणजे २०१२ ला, त्या टूलचं नावच बदलून ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज झालं. डिस्क बदलल्या, विंडोज बदलली, सल्ला तेवढा तसाच राहिला. तुमच्या भावाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याने ऐकलेलं एके काळी बरोबर होतं.

मग पहिली गोष्ट, डिस्कची जात. स्टार्ट दाबून इंग्रजीत डिफ्रॅग टाइप करा, डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज असं येईल, ते उघडा. प्रत्येक ड्राइव्हसमोर मीडिया टाइप असा रकाना असतो, त्यात हार्ड डिस्क ड्राइव्ह लिहिलंय की सॉलिड स्टेट ड्राइव्ह ते वाचा. १ टीबी आणि २०१६ म्हणजे तुमची जवळपास नक्की फिरणारी हार्डडिस्कच असणार, पण मधे कोणी बदलून दिली असेल तर सांगता येत नाही, म्हणून बघाच.

सॉलिड स्टेट म्हणजे एसएसडी निघाली तर डिफ्रॅगचा विषय तिथेच संपला. एसएसडीत फिरणारं काही नाही, हेड नाही, पान उलटणं नाही. कुठलाही तुकडा कुठेही असला तरी तो आणायला तेवढाच वेळ, मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. शिवाय विंडोजला जो पानाचा नंबर दिसतो तो खरा नसतोच, एसएसडीच्या आतला कंट्रोलर स्वतःच्या सोयीने डेटा चिपमध्ये कुठेही ठेवतो, त्यामुळे तुम्ही बाहेरून कितीही सलग लावा, आत तो सलग असेलच असं नाही. वर एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते, कंपनी स्वतःच सांगते की एवढे टेराबाइट लिहीपर्यंत आमची गॅरंटी, आणि डिफ्रॅग म्हणजे उगाच शेकडो जीबी परत लिहिणं. एका फेऱ्यात डिस्क मरत नाही, घाबरू नका, पण मिळत काहीच नाही आणि आयुष्य झिजतं. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डालाही हेच लागू.

इथे एक उलटी चूक पण होते. लोक ऐकतात की एसएसडीला डिफ्रॅग वाईट, आणि ते शेड्यूलच बंद करून टाकतात. तसं करू नका. विंडोजला एसएसडी ओळखता येते आणि तिथे ऑप्टिमाइझ म्हणजे ट्रिम होतं, म्हणजे डिलीट झालेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे असं डिस्कला कळवणं. ते हवंच असतं, त्यानेच लिहिण्याचा स्पीड टिकतो. सिस्टीम रिस्टोअर, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय, चालू असेल तर विंडोज कधीमधी एसएसडीवरही थोडी आवराआवर करते, ती तिच्या गरजेपुरती असते, करू दे.

आता दुसरी गोष्ट, तब्येत. इथे जरा थांबा ताई, कारण माझ्या दृष्टीने हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

काही वर्षांपूर्वी मार्च एंडच्या आठवड्यात एक टॅक्सची कामं करणारे गृहस्थ सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते, हातात सीपीयू. मशीन महिनाभर स्लो होती, फाइल उघडताना मधेच अडकायची, मग कोणीतरी फोनवर सांगितलं डिफ्रॅग मारा. यांनी रात्री लावलं आणि झोपले. सकाळी स्क्रीन काळी. मी डिस्क काढून माझ्या मशीनला लावली आणि कान जवळ नेला, टक, टक, टक, मग क्षणभर शांत, परत टक, टक, मग मोटर बंद. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. डिस्क स्लो होती ती तुकडे झाले म्हणून नाही, तिचे सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे बारीक भाग, खराब होत होते आणि प्रत्येक खराब सेक्टर ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती. अशा डिस्कला आपण रात्रभर सांगितलं की सगळ्या फाइली उचल आणि दुसरीकडे ठेव. आजारी माणसाला घर बदलायचं सामान उचलायला लावल्यासारखं. डिस्क पुण्याला रिकव्हरीला पाठवली, खर्च नव्या मशीनपेक्षा जास्त झाला, आणि तरीही सगळे फोल्डर परत आले नाहीत. काही क्लायंटचे हिशोब त्यांनी कागदांवरून पुन्हा भरले, रात्री जागून. तो माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसून नुसता डिस्ककडे बघत होता, ते मला अजून दिसतं. त्या दिवसापासून माझ्या दुकानात डिस्कची तब्येत बघितल्याशिवाय डिफ्रॅग कोणी लावत नाही.

तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या. उघडलं की वर रंगीत चौकोनात गुड, कॉशन किंवा बॅड येतं. गुड म्हणजे निळा. पण नुसता रंग बघून थांबू नका, खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ अशा तीन ओळी शोधा. ०५ म्हणजे डिस्कने किती खराब सेक्टर बाजूला टाकून त्याऐवजी राखीव वापरले, सी५ म्हणजे किती सेक्टर संशयित आहेत, सी६ म्हणजे किती वाचताच आले नाहीत. या तिघांच्या शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं असली पाहिजेत. सी५ मध्ये काहीही आकडा दिसला तर डिफ्रॅग नाही, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) पण नाही, पहिलं काम म्हणजे फोटो, डॉक्युमेंट्स, मुलांचं जे काही असेल ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करणं, आणि महत्त्वाचं आधी. सगळं शून्य असलं तरी कॉपी काढून ठेवाच, कारण डिफ्रॅग चालू असताना खूप डेटा हलतो.

समजा हार्डडिस्क आहे आणि तब्येत ठीक आहे. मग तेच ऑप्टिमाइझवालं टूल उघडून सी ड्राइव्ह निवडून अॅनालाइझ दाबा. थोड्या वेळाने किती टक्के फ्रॅगमेंटेड आहे ते येतं. १० टक्क्यांच्या खाली असेल तर मी हात लावत नाही, त्यातून जाणवेल असं काही मिळत नाही. शेवटचं कधी झालं ती तारीख पण तिथेच दिसते आणि ती मुद्दाम बघा, कारण विंडोज दर आठवड्याला स्वतः करते म्हणालो तरी ती हे काम मशीन चार्जरला लावलेली आणि मोकळी असताना करते. आपल्याकडे लॅपटॉप कसा वापरतात, तासभर काम केलं, झाकण बंद, कपाटात. त्या लॅपटॉपला मोकळा वेळ मिळतच नाही आणि वर्षभर काही झालेलं नसतं. असं दिसलं तर एकदा हाताने करणं योग्य.

करताना आधी जागा मोकळी करा. हे लोक विसरतात. सगळी वही नीट लावायची तर काही पानं कोरी लागतात, विंडोजला साधारण १५ टक्के जागा मोकळी हवी असते. डिस्क क्लीनअप चालवा, डाउनलोडचं फोल्डर उघडा, त्यात व्हॉट्सअॅपवरून आलेले व्हिडिओ आणि एकाच फॉर्मच्या सात पीडीएफ निघतील, नको असलेले प्रोग्रॅम काढा, रिसायकल बिन रिकामा करा. आणि हे आधी, डिफ्रॅग नंतर, उलटं केलं तर जे लावून ठेवलं त्यात परत भोकं पडतात. मग चार्जर लावा, लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा, कारण डिस्क तासन् तास चालणार आणि तापणार. बॅटरी मेलेली असेल आणि तुमच्याकडे लाइट जात असेल तर यूपीएसवर घ्या किंवा लाइट भरवशाची असेल अशी वेळ बघा. मधेच लाइट गेली तर एनटीएफएस शक्यतो सांभाळून घेतं पण त्या भरवशावर बसू नका. मधे थांबवायचं असेल तर स्टॉप दाबून थांबवा, पॉवरचं बटण दाबून नाही. पहिल्यांदा १ टीबीला पूर्ण रात्रही लागू शकते, त्यात काही बिघडलं असं समजू नका.

रोज चालवायची गरज नाही. महिन्याला एकदा टक्केवारी बघितली तरी पुष्कळ झालं.

बाहेरच्या सॉफ्टवेअरबद्दल एवढंच सांगतो की विंडोजवर फाइलचा तुकडा इकडून तिकडे हलवायची सोय खुद्द विंडोजनेच दिलेली आहे, आणि पैसेवालं असो की फुकटचं, चालू विंडोजवर काम करणारं जवळपास प्रत्येक टूल तीच सोय वापरतं. फरक असतो तो कोणती फाइल कुठे ठेवायची या हिशोबात आणि दिसण्यात. कधीकधी बाहेरचं टूल विंडोजपेक्षा जास्त टक्के दाखवतं आणि माणूस घाबरतो, त्याचं कारण असं की विंडोज ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे मोजतच नाही, आणि ते बरोबरच आहे, ६४ एमबी सलग वाचल्यावर एक १८ मिलिसेकंदाची उडी कोणाला जाणवणार आहे. एखादीच मोठी फाइल विखुरली असेल तर तेवढीच लावायला डिफ्रॅगलर किंवा कॉन्टिग नावाचं टूल चांगलं आहे, मी वापरतो. पण स्पीड तीनपट करतो म्हणणारे, सोबत रजिस्ट्री साफ करतो, ड्रायव्हर अपडेट करतो म्हणणारे प्रोग्रॅम घेऊ नका, ते स्वतःच स्टार्टअपला, म्हणजे लॅपटॉप चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत, जाऊन बसतात आणि आधीच दमलेल्या लॅपटॉपवर अजून एक ओझं होतं. आणि पैसेवाल्याची क्रॅक कॉपी तर अजिबात नको, त्याच्यासोबत व्हायरस घरात येतो आणि त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं काम चालतं.

खरा फायदा कुठे होतो ते पण सांगतो, नाहीतर वाटेल मी डिफ्रॅगच्या विरोधात आहे. आमच्या इथल्या एका फोटो स्टुडिओत डी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला, लग्नांचे व्हिडिओ, एक डिलीट केला की त्या भोकांत दुसरा टाकायचा असं वर्षानुवर्षं चाललेलं. मोठी फाइल ठेवायला सलग जागाच उरली नव्हती म्हणून प्रत्येक नवा व्हिडिओ हजारो तुकड्यांत जात होता आणि एडिटिंग करताना अडखळत होता. आम्ही जुनी लग्नं बाहेरच्या डिस्कवर हलवली, जवळजवळ निम्मी जागा मोकळी केली, मग रात्रभर डिफ्रॅग. दुसऱ्या दिवशी त्या पोराने व्हिडिओ पुढेमागे ओढून बघितला आणि तो पाण्यासारखा चालला. हळूहळू वाढत जाणाऱ्या फाइलींना पण हा फायदा मिळतो, दुकानातला टॅलीचा डेटा, आउटलुकची मेलची फाइल, अशा रोज थोडी थोडी भर पडणाऱ्या फाइली हार्डडिस्कवर हमखास विखुरतात.

तुमचं दुखणं मात्र मला वेगळं वाटतंय. ४ जीबी रॅमवर विंडोज १०, त्यावर अँटीव्हायरस, क्रोम, झूम, एवढ्यात रॅम संपते, मग विंडोज उरलेलं डिस्कवर ठेवायला आणि परत आणायला लागते आणि ती डिस्क फिरणारी, बारीक बारीक तुकडे वाचण्यात सगळ्यात कमजोर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं डिस्कच्या खाली १०० टक्के दिसत असेल तर हेच चाललंय. तिथेच स्टार्टअपमध्ये जाऊन नको ते बंद करा, त्याने डिफ्रॅगपेक्षा जास्त फरक पडेल. आणि जे पैसे सॉफ्टवेअरला देणार होता त्यात थोडे घालून २५६ किंवा ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या, तुमच्या हार्डडिस्कच्याच जागी बसते, जुन्या डिस्कवरचं सगळं क्लोन करून, म्हणजे विंडोजसकट जसंच्या तसं उतरवून मिळतं, फक्त भरलेला डेटा नव्या डिस्कच्या साइजपेक्षा कमी हवा. जुनी डिस्क चांगली असेल तर केसिंगमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून फोटोंसाठी वापरा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा तुमच्या गावातला ओळखीचा रिपेअरवाला, कुठेही हे तासा-दोन तासांचं काम आहे, समोर बसून करून घ्या. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर त्याच वेळी ४ जीबी अजून टाका, कोणती बसते ते डीडीआर३ की डीडीआर४ हा रॅमचा प्रकार बघून, २०१६ च्या लॅपटॉपमध्ये दोन्ही असू शकतात.

आत्ता आज रात्री एवढं करा, क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून स्क्रीनचा फोटो काढा, ०५, सी५ आणि सी६ च्या ओळी शेवटच्या रकान्यासकट दिसतील असा, आणि तो मला पाठवा. स्क्रीनवर डिस्कचा सीरियल नंबर दिसतो तो तेवढा झाका. फोटो बघून सांगतो डिफ्रॅग लावायचं की आधी डेटा काढायचा, तोपर्यंत काही सुरू करू नका.